शेळीचं कुणी विचारलंच नाही

आमच्या लॅबला येणाऱ्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, फॉर्मवर हिस्ट्रीचा एक रकाना असतो, त्यात बहुतेक वेळा एकच शब्द येतो, फिव्हर. अरे बाबा, फिव्हर आहे म्हणूनच ब्लड कल्चर पाठवलंस ना.

हा पेशंट लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, पन्नाशीचा. महिन्याच्या वर झालं, संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामानं अंथरूण ओलं, कंबर धरलेली. गावात सलाइन, तालुक्याला विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, विडाल पॉझिटिव्ह, मग टायफॉईडची इंजेक्शनं, तरी ताप आहेच. विडालवर माझा जुना राग आहे. 1896 सालची टेस्ट, आपल्याकडं लोकांच्या रक्तात आधीच्या अँटीबॉडी फिरतच असतात, त्यामुळं एका सॅम्पलच्या टायटरवरनं, म्हणजे अँटीबॉडीच्या पातळीवरनं, टायफॉईड ठरतच नाही. पण रिपोर्ट संध्याकाळी हातात मिळतो, कल्चरसाठी पाच दिवस कोण थांबणार.

बाटलीत काही वाढलं की वाजणारं मशीन चौथ्या दिवशी वाजलं. आमच्या टेक्निशियननं ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितले, आणि म्हणाला, मॅडम काही नाही, नुसता कचरा दिसतोय. मी बघितलं. फिकट गुलाबी, बारीक, रेती सांडावी तसं. आता ग्रॅमचं गणित सोपं आहे, जांभळा तो पॉझिटिव्ह, गुलाबी तो निगेटिव्ह, गोल असेल तर कॉकाय, लांबट असेल तर बॅसिलाय. हे मात्र दोन्हीच्या मधलं, कॉकोबॅसिलाय, आणि रंगही धड धरत नाही. दुसऱ्या स्लाइडवर सॅफ्रानिन, तो गुलाबी रंग, जास्त वेळ ठेवलं तेव्हा नीट दिसले. अशा वेळी घाईत लोक मायक्रोकॉकस, कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरनं मिसळलेला जंतू, असं लिहून मोकळे होतात. थुंकीत जंतू सापडला तर तो तिथला रहिवासीही असू शकतो, तेवढ्यावरनं आजार म्हणता येत नाही. रक्तात मात्र कुणी रहिवासी नसतो. एक तर सुई टोचताना कातडीवरचा आत गेला, नाहीतर खरंच आजार आहे. आणि इथं तर दोन्ही हातांच्या बाटल्यांत तेच वाढलं होतं, मग कातडीला कशाला दोष द्यायचा.

वॉर्डात फोन केला तर रेसिडेंट वैतागलेला, मॅडम नाव सांगा ना जंतूचं, सेन्सिटिव्हिटी कधी देता, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते. म्हणून स्वतःच वर गेले.

"मामा, घरी जनावरं हायत का?"

"हायत की. उस्मानाबादी शेळ्या."

"गाभडली का एखादी एवढ्यात?"

"दोन गाभडल्या. एकीची वार अडकली होती, मीच हातानं काढली. का वो?"

दूध कच्चंच पितात, धारोष्ण. एवढ्या डॉक्टरांनी तपासलं, शेळीचं कुणी विचारलंच नाही. माझा संशय ब्रुसेलावर, शेळ्या गाभडवणारा आणि त्यांच्यातनं माणसाला लागणारा जंतू. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूसला 1887 ला माल्टात सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडला, पण तो शेळीच्या दुधातनं येतो हे कळायला 1905 उजाडलं, माल्टातल्याच झॅमिट नावाच्या डॉक्टरला वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात पुरावा मिळाला तेव्हा. त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला तर आयतं माहीत आहे.

खाली येऊन पहिलं काम म्हणजे सगळ्या प्लेटी बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, झाकणाला टेप, आणि सगळ्यांना दम, कुणी प्लेट नाकाशी नेली तर बघा. वास घेऊन जंतू ओळखायची खोड जुन्या लोकांची, पण ब्रुसेला हवेतनं श्वासात गेला की लॅबवालाच पेशंट होतो, लॅबमध्ये लागणाऱ्या जंतूंत याचं नाव पहिल्या रांगेत आहे. कँडल जारमध्ये, म्हणजे आत मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत, दोन दिवसांनी ब्लड अगारच्या प्लेटवर जेमतेम दिसतील अशा कॉलनी आल्या, मॅकॉंकीची दुसरी प्लेट कोरी. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरियाची नळी दुपारपर्यंत गुलाबी, सगळं ब्रुसेलाकडंच बोट दाखवणारं. ओळख सांगणाऱ्या मशीनमध्ये मी मुद्दाम घातलंच नाही, ते याला कधी कधी मोरॅक्झेला वगैरे भलतंच नाव देतं आणि लोकांचा मशीनवर माणसापेक्षा जास्त विश्वास. मोठ्या लॅबला पाठवलं, तिकडनं ब्रुसेला मेलिटेन्सिस आलं. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे. आठवडाभरात ताप उतरला, तेव्हा त्याच रेसिडेंटनं फोन करून थँक्यू म्हटलं, तेही ठीक आहे.

माझं डोकं अडकलंय ते पुढं. गाभडलेल्यातली एक त्यांनी आठवडी बाजारात विकून टाकली, भाकड जनावर कोण सांभाळतं मॅडम. घेणारा कोण, तर तोंडओळखही नाही, रोख पैसे दिले न गेला. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, भला माणूस, राहिलेल्या शेळ्यांचं रक्त घ्यायला येतो म्हणाला, पण ब्रुसेलाची सरकारी लस चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या कालवडी-पारड्यांना आहे, शेळ्यांचं त्यात काही नाही. माणसांचा रिपोर्ट माझ्याकडं, जनावरांचा त्यांच्याकडं, आणि दोन्ही कागद समोरासमोर ठेवून बघणारं कुणी नाही. आम्ही दोघांनी नंबर तेवढे सेव्ह करून घेतले.

घरच्या सगळ्यांचं रक्त पाठवा म्हणून मुलाला तीनदा सांगितलं. म्हातारीचं आलं, तिचे गुडघे दुखतातच म्हणे, टायटर चढलेलं निघालं. सून पाचव्या महिन्यात आहे, शेळ्यांची धार तीच काढते. तिचं सॅम्पल अजून आलेलं नाही, आणि पॉझिटिव्ह निघालं तर तिला डॉक्सी देता येणार नाही, गायनॅकच्या मॅडमशी आधीच बोलून ठेवलंय. उद्या परत फोन लावते.