चंद्र मावळल्यानंतरचा एक तास

पहाटे साडेचारच्या फेरीत अकरा नंबरची टोपली जागेवर होती. खालच्या वाळूला जरासा खळगा पडला होता, एवढंच. साडेपाचला तीच टोपली एका बाजूने दोन बोटं उचललेली दिसली. आत कासवाची बारा पिल्लं वळवळत होती आणि हॅचरीच्या, म्हणजे अंडी राखायला पुळणीवर केलेल्या कुंपणाच्या, जाळीखालून बाहेर गेलेल्या बारीक रेघा टॉर्चच्या लाल उजेडात स्पष्ट दिसत होत्या. त्या समुद्राकडे गेल्या नव्हत्या, गावाकडे वळल्या होत्या.

मार्चचा शेवटचा शनिवार होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा कासवं बघायला आलेले १२० पाहुणे घराघरांतून झोपले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या वेळास गावाने २००२ साली ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरवायला लागलं. त्यातून किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांनी एक गोष्ट उचलली: अंडी विकण्यापेक्षा पिल्लं समुद्रात जाताना दाखवली, तर वर्षानुवर्षं चार पैसे मिळतात आणि कासवही राहतं. आमचं गाव त्यांच्यातलंच. पण त्या पहाटे जे झालं, ते पाहुण्यांच्या सोयीतूनच झालं होतं. म्हणून ते सविस्तर लिहितोय.

अकरा नंबरचं घरटं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं. १०४ अंडी, त्या दिवशी ५३वा दिवस. मादीने ते भरतीच्या रेषेला अगदी लागून घातलं होतं, उधाणात पाण्याखाली गेलं असतं. म्हणून ते रात्रीच, दोन तासांच्या आत, हॅचरीत हलवलं होतं. घातल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच हलवाहलव करायची, कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. अंडं उलटंपालटं झालं की तो सुटतो आणि मरतो. उशीर झालाच तर प्रत्येक अंडं जसं मिळालं तसंच, वरची बाजू वर ठेवून उचलावं लागतं. हॅचरीत मूळ घरट्याइतकाच, साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा मडक्यासारखा खड्डा करायचा. दोन घरट्यांमध्ये मीटरभर अंतर सोडायचं. पाटीवर नंबर, तारीख, अंड्यांची संख्या आणि हलवल्याची वेळ लिहायची. पंचेचाळिसाव्या दिवसापासून वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि कड वाळूत दाबून टाकायची.

चूक नेमकी कुठे झाली, ते उजाडल्यावर कळलं. टोपलीच्या कडेखालून खेकड्याने बीळ केलं होतं. तेवढी वाट पिल्लांना पुरली. तरीही ती हॅचरीतच अडकायला हवी होती, कारण भोवतालची जाळी दीड फूट वाळूत पुरलेली असते. पण आदल्या संध्याकाळी आत डोकावायला माणसं जाळीला रेलून उभी राहिली होती. पायांनी वाळू रेटली गेली, जाळी वर ओढली गेली आणि गावाकडच्या कोपऱ्यात तिचा खालचा काठ उघडा पडला. रात्री आठला हॅचरी बंद करताना वरच्या दोऱ्या तपासल्या होत्या, खाली वाकून कोणी पाहिलं नव्हतं.

आणि गाडीतळावरचा दिवा. आठवड्यापूर्वीच खांबावर पांढरा एलईडी लागला होता. पाहुण्यांना रात्री पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना दिसावं म्हणून लोकांनीच तो मागितला होता. पिल्लू वाळूतून वर आलं की उजळ, मोकळ्या क्षितिजाकडे जातं आणि उंच काळ्या आडोशापासून दूर पळतं. आमच्याकडे मागे सुरूचं बन आणि माडांची रांग असल्यामुळे काळा आडोसा गावाकडे असतो आणि उजेड पाण्यावर, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नव्हतं. त्या रात्री पौर्णिमेला दोन दिवस होते. चंद्र पश्चिमेला, समुद्रावर होता, तोवर तोच त्यांना ओढत राहिला असता. तो पाचच्या सुमारास मावळला. पुढचा तासभर समुद्र काळा आणि सुरूच्या फटीतून येणारा दिवा पांढरा. पिल्लं बरोब्बर त्याच तासात बाहेर आली.

पहिलं काम म्हणजे दिवा घालवणं. एकाने धावत जाऊन फ्यूज काढला. दुसरा गावाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, कारण पहाटेचं दृश्य बघायला दूरच्या गाड्या पावणेसहापासून यायला लागतात आणि गाडीतळ पिल्लांच्या वाटेवर होता. आधी गाड्या थांबवायच्या आणि मग शोधायचं, हा क्रम त्या दिवशी सुचला ते बरं झालं.

शोधताना सरळ चालत सुटायचं नसतं. पिल्लाची रेघ तीन बोटं रुंद, दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारख्या खुणा. त्यांच्यावर आपलं पाऊल पडलं की ती पुसली आणि पुढचं पिल्लू हरवलं. आम्ही एका रांगेत, हातभर अंतर ठेवून, रेघांच्या बाजूबाजूने निघालो. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद. कोरड्या वाळूत रेघा ठळक होत्या, मर्यादवेलीत त्या संपल्या. तिथे वेल हाताने उचलून खाली बघावं लागलं. सगळ्यात जास्त पिल्लं तिथेच, वेलीच्या ताण्यांत पुढचा पाय अडकवून पडलेली. सुरूखाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो. त्यात पिल्लू दिसत नाही, ऐकू येतं. सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिलो की कुठूनतरी खरखर व्हायची. एक पिल्लू काड्यांत उलटं झालं होतं, पोटावर मुंग्या चढल्या होत्या. बोटाने मुंग्या काढल्या तेव्हा त्याने पुढचे पाय पोहायला लागल्यासारखे जोरात मारले. चार सेंटिमीटरचं अंग, रुपयाच्या चार-पाच नाण्यांएवढं वजन, आणि एवढी ताकद.

मिळालेली पिल्लं प्लास्टिकच्या घमेल्यात, तळाला ओली वाळू आणि वरून ओलं काळं फडकं. पाण्यात ठेवायची नाहीत. पाणी लागलं की ती पोहायला लागतात. पोटात उरलेल्या बलकावर त्यांना पहिला दिवसभर न थांबता पोहून किनाऱ्यापासून लांब जायचं असतं. घमेल्यात पोहून तीच ताकद संपली तर समुद्रात गेल्यावर मासे आणि घारी त्यांना सोडत नाहीत.

साडेसहापर्यंत ६७ मिळाली, टोपलीतली १२ धरून ७९ जिवंत. पाच मेलेली सापडली: दोन चाकाच्या चाकोरीत, दोन कावळ्यांनी फोडलेली, एक मुंग्यांनी. चाकाखाली गेलेली दोन आम्ही वाट अडवण्याआधीची.

एव्हाना पाहुणे पुळणीवर जमले होते. आता सोडताना नेहमीचीच पद्धत, फक्त घाई जास्त. पाण्यापासून पन्नास फुटांवर दोन दोर ताणून मध्ये तीस फुटांचा पट्टा मोकळा ठेवतो. त्या पट्ट्यात रात्रभरात पडलेली माणसांची पावलं फळीने सपाट करावी लागतात. आपलं पाऊल तीन इंच खोल असलं तरी पिल्लासाठी ती विहीरच. सहा-सात पावलांतून चढ-उतार केला की निम्मी ताकद तिथेच जाते. त्या दिवशी फळी फिरवायला माणूस उरला नव्हता. मी पाहुण्यांनाच विचारलं. आठ-दहा जण पुढे आले, दोघादोघांनी फळी धरली, उलटं चालत स्वतःचीही पावलं पुसत गेले. फ्लॅश बंद, हात कोणी लावायचा नाही. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं हा गुन्हाच आहे. पण कायदा सांगण्यापेक्षा हाताला लागलेलं डासांचं मलम आणि सनस्क्रीन त्यांच्या अंगाला लागतं हे सांगितलं की लोक लगेच ऐकतात, असा आमचा अनुभव.

पिल्लं पाण्यात सोडत नाही, वाळूवर सोडतो. पट्टा ती स्वतः चालून जातात. घमेली तीन ठिकाणी रिकामी केली, कारण रोज एकाच जागी सोडलं की तिथे मासे आणि घारी टपून बसायला शिकतात. भरती चढत होती. पहिल्या लाटेने निम्मी मागे आणली, दुसऱ्या लाटेने नेली. कोणीतरी विचारलं, "ही परत येतात का हो?" गुहागरला उपग्रह-खूण लावलेली बागेश्री नावाची मादी २०२३ मध्ये श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. एवढं सांगून थांबलो. मोठं होईपर्यंत यांतली फार थोडी वाचतात, हेही सांगितलं.

खरी परीक्षा दुपारी झाली. चाळीस जणांची एक बस अकरा वाजता आली. आमच्या नोंदवहीत त्यांची नोंद नव्हती. बस घेऊन आलेल्या माणसाने त्यांना "कासवं नक्की दिसतील" असं कबूल केलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: संध्याकाळी टोपल्या रिकाम्या निघाल्या तर काय, आत्ता एखाद्या टोपलीत पिल्लं निघाली तर सहापर्यंत घमेल्यात ठेवा. वर प्रत्येकामागे जादा पैसे द्यायची तयारी. गावच्या समितीतल्या काही जणांची चुळबूळ झाली. रक्कम लहान नव्हती आणि हॅचरीची नवी जाळी घ्यायचीच होती.

आम्ही नाही म्हटलं. दिवसा निघालेली पिल्लं ऊन उतरेपर्यंत थंड सावलीत ठेवावी लागतात, कारण दुपारच्या तापलेल्या वाळूत ती भाजतात. तेवढा अपवाद सोडला तर रात्री निघालेली रात्रीच, पहाटे निघालेली पहाटेच सोडायची. दाखवण्यासाठी राखून ठेवायची नाहीत. एकदा राखून ठेवली की दुसऱ्या गावातही तीच अपेक्षा तयार होते. त्या संध्याकाळी खरंच एकही पिल्लू निघालं नाही. बस चडफडत गेली. मागे चहाचे कप आणि पाण्याच्या बाटल्यांची दोन पोती राहिली.

मला वाटतं, या धंद्यात सगळ्यात महाग पडतो तो न राहता जाणारा पाहुणा. राहणाऱ्या माणसामागे ५० रुपये गावनिधीत जमा होतात. त्यातून घरटी राखणाऱ्या कासवमित्रांचं मानधन, टोपल्या, जाळी निघते. बाकीचे पैसे घरात जातात आणि ते पाळीने जातात. बावीस घरं, एका घरी जास्तीत जास्त बारा माणसं, सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा नाही. पाळी नसती तर रस्त्यालगतची, संडास-न्हाणीघर चकचकीत असलेली चार घरंच भरली असती आणि वरच्या वाडीने कासवांकडे पाठ फिरवली असती. आणि मादी अंडी घालते त्या रात्री पहिली बातमी आणतो तो वरच्या वाडीतलाच पहाटे जाळं टाकायला निघालेला माणूस.

१२० ची मर्यादाही विहिरींवरून ठरली आहे, खोल्यांवरून नाही. वाळूतल्या वाडीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप तासन्‌तास चालवला की खालचं खारं वर येतं आणि पुढचा पावसाळा होईपर्यंत विहीर मचूळ राहते. म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पंप, टाकी भरली की बंद, पाहुण्यांना शॉवरऐवजी बादली. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट.

रात्री देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. दिवा काढून टाका, असा सूर होता. तेव्हा घरी बारा पाहुणे जेवायला वाढून आलेल्या एक काकी उठल्या.

"दिवा काढा म्हणणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी अंधारात पाहुणीचा पाय पाखाडीवरून सटकला, ती रात्र मी काढलीय. आमच्या पोरीही त्याच वाटेने येतात."

"काकी, मग काय करू या?"

"पायापुरता उजेड द्या. आभाळाला नको."

तेच ठरलं. खांबावरचा दिवा उतरवला. पाखाडीला गुडघ्याएवढ्या उंचीवर, वरून पत्र्याचं झाकण असलेले पिवळसर दिवे, तोंड जमिनीकडे. गाडीतळ बनाच्या मागे, शाळेजवळ. हॅचरीभोवती सहा फुटांवर दुसरा दोर, म्हणजे जाळीला कोणी रेलणार नाही. आणि फेरीचा नवा नियम: टोपलीखाली खळगा दिसला की पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, माणूस तिथेच बसेल.

तीन दिवसांनी अकरा नंबर उकरलं. रिकामी कवचं ९१, न वाढलेली अंडी ९, आतच मेलेली पिल्लं ४. म्हणजे बाहेर आलेल्या ९१ पैकी ७९ जिवंत सोडली, ५ मेली, ७ चा पत्ता नाही. वहीत 'बेपत्ता' असा रकाना नव्हता, तो हाताने आखून घेतला.

गुरुवारी रात्री पिल्लाच्या उंचीवरून बघायचं म्हणून हॅचरीशेजारी वाळूत आडवा झालो. गावाकडे नुसती सुरूची काळी रेघ, दिवा कुठेच नाही. समुद्राकडे पाण्यावर जेमतेम उजेड होता. पावणेतीनच्या फेरीला सतरा नंबरच्या टोपलीखाली वाळू बोटभर खचलेली होती. घमेलं आणि फडकं आणून तिथेच बसलो.