फ्रीजच्या दारातला गट

मंगळवार, रात्री

मी शिकवते त्या स्वमग्न (ऑटिस्टिक) सोनूसमोर आज गट करायची चित्रांची कार्डं काढलीच नाहीत. फळं-भाज्यांची कार्डं तो झरझर लावतो, पण सफरचंदाच्या कार्डाचा कोपरा दुमडलाय. तो सफरचंद बघतो की कोपरा, कोण जाणे. बऱ्याच स्वमग्न मुलांचं लक्ष असं एकाच खुणेवर अडकतं. म्हणून घरातल्याच वस्तू जमिनीवर मांडल्या आणि म्हटलं, "सोनू, जे एकत्र असतं ते एकत्र ठेव."

त्यानं दुधाची पिशवी, लिंबू आणि आजींच्या इन्सुलिनचं खोकं एका ताटलीत ठेवलं. मी बघतच राहिले. त्याच्या आईला मात्र हसू फुटलं. "अहो ताई, हे सगळं आमच्या फ्रीजच्या दारात असतं!"

जागेच्या नियमानं गट बिनचूक होता.

क्लिंगर आणि डॉसन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वमग्न मुलांवरच्या २००१ सालच्या अभ्यासात असंच काहीसं दिसलं होतं. नियम दिला की ही मुलं गट शिकतात, पण खूप नमुने बघून 'साधारण असं असतं' हे मनात आपोआप तयार होणं जड जातं. स्वतः स्वमग्न असलेल्या शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन लहानपणी कुत्रं-मांजर लहान-मोठेपणावरून ओळखायच्या. शेजारी डॅक्सहुंड जातीचा बुटका कुत्रा आला आणि हिशेब चुकला. मग त्यांनी नाकं निरखली आणि नाकावरून कुत्रं ओळखायला लागल्या.

आता फळं-भाज्यांना नियम कुठला द्यायचा? शिजवतो ती भाजी म्हणावं, तर काकडी-गाजराची कोशिंबीर करतो. केळं फळ म्हणावं, तर कच्च्या केळ्याची भाजी होते. आपल्यालाच धड सांगता येत नाही ते पोराकडून घोकून का घ्यायचं? चाचणीत विचारतात म्हणून, दुसरं काय!

त्याला आधी 'खायचं' आणि 'खायचं नाही' हे यायला हवं. जागेवरून गट करणाऱ्याला दूध आणि इन्सुलिन एकाच घरचे. कपाटातली डांबरगोळी तर हुबेहूब पेपरमिंट, आणि सोनू अजून दिसेल ते तोंडात घालून बघतो.

आईंशी बोलून ठरवलं, न खायच्या प्रत्येक डब्या-बाटलीवर मोठी लाल टिकली. टिकली दिसली की वस्तू लाल ट्रेमध्ये. सुरुवातीला मी हात धरून करून घेणार, मग नुसतं बोट दाखवणार, मग तेही नाही. वस्तू रोज बदलायच्या, नाहीतर तो ठरावीक चारच पाठ करेल. टिकलीवरच अडकून बसेल, ही भीती आहेच. पण इथे अडकलेलाच बरा. दुसऱ्यांच्या घरातल्या बाटल्यांना टिकल्या कोण लावणार, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी 'आधी विचारायचं' हे वेगळं शिकवावं लागेल.

गुरुवारी खडीसाखर आणि तुरटी शेजारी शेजारी ठेवून बघते. डांबरगोळ्या मात्र आजच माळ्यावर टाका, असं सांगून आलेय.