तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पुस्तक की आधी मालिका?

रहस्यकथा आणि त्यांवरच्या मालिका हा माझा जिव्हाळ्याचा विषय. ओळखीच्या सगळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे लग्नाच्या पंगतीत म्हणा, सोसायटीच्या जिन्यात म्हणा, कोणी ना कोणी हटकून विचारतं, "काय हो, आधी पुस्तक वाचावं की आधी मालिका बघावी?" प्रश्न रास्त आहे. सामाजिक कादंबरी कुठूनही गाठली तरी चालते, पण रहस्यकथेत खुनी कोण हे एकदा फुटलं की पुढे काय उरलं, ही धास्ती त्या प्रश्नामागे असते.

माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी पुस्तक. आणि ते का, हे या पावसाळ्यात माझं मलाच जास्त नीट उमगलं, कारण सध्या माझ्याकडे ब्योमकेश बक्षीचं पारायण चालू आहे. दुपारी कथा वाचायची, रात्री जेवणं उरकली की त्याच कथेचा दूरदर्शनवरचा भाग लावायचा.

ज्यांना हे नाव नुसतं ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शरदिंदु बंद्योपाध्याय या बंगाली लेखकाने १९३२ साली ब्योमकेश या कोलकात्यातल्या डिटेक्टिव्हची पहिली कथा लिहिली आणि पुढे १९७० मध्ये जाईपर्यंत बत्तीस कथा पुऱ्या केल्या. तेहतिसावी अर्धी राहिली. हिंदी मालिका बासू चटर्जींनी केली, पहिलं पर्व १९९३ मध्ये, दुसरं १९९७ मध्ये, दोन्ही मिळून ३४ भाग. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा लेखकमित्र अजित, आणि ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली तेव्हा कितीतरी घरांत नवी पिढी तिला चिकटली. माझ्या भाच्या त्यातल्याच.

आता आधी पुस्तक का, ते सांगते. 'सत्यान्वेषी' ही कथा घ्या. अजित एका मेसमध्ये, म्हणजे राहण्याजेवणाची सोय असलेल्या घरात, राहतोय. मेस चालवणारे अनुकूलबाबू होमिओपॅथीचे डॉक्टर, बोलायला गोड. वस्ती मात्र वाईट, एकामागून एक खून पडताहेत. अशात अतुलचंद्र मित्र नावाचा एक तरुण नोकरीच्या शोधात तिथे येतो, जागा नसते म्हणून अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. कथा अजित सांगतो, आणि अजितला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला. हा अतुल कोण, गरीब बिचारा बेकार आहे की आणखी कोणी, याचा अंदाज बांधत आपण पानं उलटतो. पोलीस त्याला पकडून नेतात तेव्हा आपणही अजितसारखेच गोंधळतो. पडद्यावर ही गंमत होऊच शकत नाही. रजित कपूर दारात उभा राहिला की घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, हाच ब्योमकेश. यात दिग्दर्शकाचा दोष काहीच नाही. चेहरा दिसला की नाव लपत नाही, आणि कागदावर चेहरा नसतो. कथेच्या शेवटी ब्योमकेश अजितला हॅरिसन रोडवरच्या आपल्या घरी घेऊन जातो, तिथे दारावर पाटी असते, 'ब्योमकेश बक्षी, सत्यान्वेषी'. ती पाटी आधी कागदावरच वाचावी असं मला मनापासून वाटतं. मालिका आधी बघितली तर तो क्षण कायमचा हातचा जातो.

आता दुसरं उदाहरण, 'पथेर काँटा', हिंदीत 'रास्ते का काँटा'. हीच ब्योमकेशची सगळ्यात पहिली लिहिलेली कथा. ती सुरू होते वर्तमानपत्रापासून. ब्योमकेशचं म्हणणं असं की बातम्यांमध्ये काही राम नसतो, खऱ्या बातम्या जाहिरातींच्या पानावर असतात. आणि तिथे त्याला एक जाहिरात सापडलेली असते: वाटेतला काटा काढून हवा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाचला व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या नैऋत्य कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात टेकवून उभं राहावं. बस, एवढंच. दुसरीकडे शहरात भररस्त्यात चालती माणसं कोसळून मरताहेत, आणि त्यांच्या छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. पिन तिथे गेली कशी, ते मी सांगणार नाही, पण मला उत्तर माहीत असूनही त्या रात्री मालिकेचा भाग बघताना मी गर्दीतल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघत होते. म्हणजे रहस्य फुटल्याने मजा गेली नाही. उलट, उत्तर माहीत असल्यामुळे ते कुठे आणि कसं लपवलंय, कॅमेरा नेमका कशावरून घाईने सरकतो, हे बघता आलं. खुनी कोण या प्रश्नातून डोकं मोकळं झालं की बाकीचं सगळं दिसायला लागतं. आनंद शंकरांचं शीर्षकसंगीत, धोतराचा सोगा सावरत जिना उतरणारा ब्योमकेश, घरगडी पुंटीरामने आणून ठेवलेला चहा.

या बाकीच्या सगळ्यात माझ्या लेखी पहिला मान सत्यवतीचा. कथांमध्ये ती 'अर्थमनर्थम्' या कथेत पहिल्यांदा येते, भावावर खुनाचा आळ आलेली, सावळी, साधी मुलगी. पुढे लग्न होतं, मूल होतं. पण कथा सांगणारा अजित पडला ब्रह्मचारी. त्या दोघांच्या संसारात राहणारा, काहीसा संकोची. त्यामुळे सत्यवती त्याच्या लिखाणात येते ती दाराआडून, चार वाक्यं बोलून जाते. मालिकेत ती त्या खोलीत असते. सुकन्या कुलकर्णीने तिला फार मोठं काही करायला न लावता उभी केली आहे. नवरा तपासात बुडालाय, भावजी त्याच्या तोंडाकडे बघत बसलेत, आणि ही मधूनच एक साधा प्रश्न टाकते, तोही घरातल्या बाईने विचारावा तसा. तिच्या त्या वावरामुळे ब्योमकेश डिटेक्टिव्ह न वाटता शेजारच्या बिऱ्हाडातला हुशार माणूस वाटतो. तिची सत्यवती बघितल्यावर पुस्तकातली सत्यवती मला तिच्याच आवाजात ऐकू येते, आणि त्याबद्दल मी त्या मालिकेची कायमची ऋणी आहे.

मालिकेत जे नाही तेही सांगायला हवं. तिथे बहुतेक सगळं खोल्यांमध्ये घडतं. कोलकाता शहर, आणि त्याहून जास्त म्हणजे काळ, तिथे हाती लागत नाही. कथा लिहिल्या त्या क्रमाने वाचा, तुम्हाला एक माणूस आणि एक शहर बरोबरीने वयात येताना दिसेल. सुरुवातीचा ब्योमकेश विशीतला, इंग्रजांच्या अमदानीतला. मग १९३० च्या दशकाच्या मध्यावर कथा थांबतात, आणि पंधराएक वर्षांनी, १९५१ मध्ये 'चित्रचोर' येते तेव्हा देश स्वतंत्र झालेला असतो. 'आदिम रिपु' तर १९४६ च्या दंगलींच्या सावलीत सुरू होते आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या उंबरठ्यावर येऊन पोचते. काळ्या पैशाचा आणि घरातल्या पापाचा तो मामला सोडवताना ब्योमकेश कायद्याचा विचार करत नाही, वेगळंच काही करतो. ती कथा मी वाचून खाली ठेवली आणि त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही. शेवटच्या काही कथांत तर अजित सांगणाराच उरत नाही, लेखक स्वतः कथा सांगतो. हा बदल मला रुचत नाही. अजितचा आवाज गेला की घरातलं एक माणूस गेल्यासारखं वाटतं.

मधली ती पंधरा वर्षं लेखक कुठे होते, तर आपल्याकडे. १९३८ मध्ये शरदिंदु बाबू मुंबईला आले ते बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहायला. १९५२ च्या सुमारास त्यांनी सिनेमाचं काम सोडलं आणि पुण्यात घर केलं, ते शेवटपर्यंत. याचा अर्थ असा की ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बहुतेक कथा, म्हणजे एकूण कथांतला मोठा हिस्सा, पुण्यात बसून लिहिलेला आहे. कोलकात्याच्या गल्ल्या, ट्राम, मेसमधला माशाचा रस्सा, हे सगळं एक माणूस पुण्याच्या कोरड्या हवेत बसून आठवत होता. मी पुण्यात वाढले, पण हे मला कोणी शाळेत सांगितलं नाही, कॉलेजात सांगितलं नाही. आपल्या गावात भारतातल्या एका मोठ्या रहस्यकथाकाराने जवळजवळ दोन दशकं काढली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा, आणि मला तो वाटतो.

आणि त्यांनी इकडचं काही लिहिलंच नाही असंही नाही. 'शैलरहस्य' ही कथा थेट महाबळेश्वरची आहे. कामासाठी इकडे आलेला ब्योमकेश जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या सह्याद्री हॉटेलात उतरतो. पर्यटक नाहीत, हॉटेल ओस, आणि रात्री त्याच्या खोलीत जे घडतं ते तर्काला धरून नाही. तो अजितला लांबलचक पत्र लिहून सगळं कळवतो, आणि अर्धा तपास महाबळेश्वरात, अर्धा कोलकात्यात होतो. ज्याने आयुष्यभर पुराव्याशिवाय पाऊल टाकलं नाही, त्याच्या वाट्याला लेखकाने भूत का घातलं असेल, यावर मी आणि माझा भाऊ दोन संध्याकाळी भांडलो. भावाचं म्हणणं, ही कथा ब्योमकेशच्या स्वभावात बसत नाही. माझं म्हणणं, बरोबर बसते, कारण तो तिथेही समोर दिसतंय ते नाकारत नाही, लिहून काढतो आणि मग पडताळून बघतो. हिवाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम केलेल्या कोणालाही त्या कथेतली थंडी ओळखीची वाटेल.

बाकीचे ब्योमकेशही बघितले. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये उत्तमकुमारला घेऊन 'चिडियाखाना' केला, तो मोठ्या लोकांचा सिनेमा आहे, पण माझा ब्योमकेश त्यात नाही. २०१५ चा हिंदी सिनेमा दिसायला देखणा, दुसऱ्या महायुद्धातलं कोलकाता त्यात छान उभं केलंय, फक्त त्यातलं घर मला परकं वाटलं. अलीकडच्या बंगाली मालिका अजून पूर्ण बघून झाल्या नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल आत्ताच बोलत नाही.

आता तुम्ही पुढचा प्रश्न विचारणार की वाचायचं कुठून. मला बांगला जेमतेम अक्षर लावून वाचता येतं, म्हणून मी श्रीजाता गुहांचे इंग्रजी अनुवाद हाताशी ठेवते. एकदम जाडा खंड उचलू नका. 'सत्यान्वेषी' वाचा, भाग बघा. मग 'माकडसार रस', म्हणजे कोळ्याचा रस, वाचा: एक विकलांग, विकृत म्हातारा दिवसभर खोलीत बसून अश्लील गोष्टी लिहितोय, कोळ्यापासून काढलेल्या विषाची त्याला चटक लागली आहे, घरच्यांनी पहारा बसवलाय, तरी ते त्याच्यापर्यंत पोचतंच आहे. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून अजित जाऊन बघून येतो आणि त्याच्या सांगण्यावरून ब्योमकेश घरबसल्या उलगडा करतो. वाचताना अजितच्या सांगण्यातला प्रत्येक शब्द तोलून बघा, उत्तर तिथेच ठेवलेलं आहे. त्यानंतर 'अर्थमनर्थम्', म्हणजे सत्यवती भेटेल. भाग बघायची घाई तिच्यासाठी केलीत तरी चालेल, तेवढी एक सूट मी देते.

माझं स्वतःचं पुढचं वाचन ठरलंय. शरदिंदु बाबूंनी बंगाली मुलांसाठी सदाशिव नावाच्या एका मराठी पोराच्या गोष्टी लिहिल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या काळातला, घरदार सोडून मावळ्यांमध्ये जाऊन मिळालेला पोरगा. 'सदाशिबेर आदिकांड' मी मुळातून वाचायला घेतलंय, शब्दकोश शेजारी ठेवून. पहिली काही पानं झाली आहेत.