फाँटानाची रिकामी फेरी, सिमवर

नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या क्वालिफाईंगचे (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या चाचणीचे) जुने नियम एकेक करून सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत, लावून बघायचं ठरवलंय, त्याचा हा सहावा आठवडा. २०१३ पर्यंतची जुनी पद्धत, म्हणजे ट्रॅकवर एका वेळी एकच गाडी, मागच्या खेपेला उरकली. या शनिवारी घेतली २०१४ पासूनची गटाची पद्धत: सगळे एकदम ट्रॅकवर, मोठ्या ट्रॅकवर ठरलेल्या वेळेच्या तीन फेऱ्या (म्हणजे टप्पे), आधी २४ जण पुढे जाणार, मग १२.

ट्रॅक मुद्दाम कॅलिफोर्नियातला फाँटानाचा निवडला, दोन मैलांचा. मार्च २०१९ मध्ये तिथे शेवटच्या फेरीतल्या बाराही गाड्या पिट लेनमध्ये (ट्रॅकच्या बाजूच्या थांब्याच्या रस्त्यावर) थांबून राहिल्या आणि निघाल्या तेव्हा उशीर झाला होता. वेळ संपायच्या आत एकालाही लॅप (ट्रॅकची एक पूर्ण चक्कर) सुरू करता आली नाही. पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, ऑस्टिन डिलनला मिळाली, तीही दुसऱ्या फेरीतल्या वेळेवर. स्टँडमधल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं.

हे असं का झालं, ते वाचून कळलं होतं. हाताला कळलं परवा. त्या वर्षी मोठ्या ट्रॅकवर इंजिनची ताकद ५५० अश्वशक्तीच्या आसपास आणली होती आणि मागचा स्पॉयलर (हवा अडवणारी पट्टी) मोठा केला होता. त्यामुळे पुढची गाडी हवा फोडते आणि मागच्याला आयता वेग मिळतो. सेटअप तसाच ठेवून एकट्याने लॅप मारली: ४०.८ सेकंद. मित्राच्या मागे चार गाड्यांचं अंतर ठेवून मारली: ४०.३. मागच्या सरळ पट्ट्यावर पाय तितकाच दाबलेला, पण स्टिअरिंग हातात हलकं झालं आणि गाडी पुढच्याकडे खेचली जायला लागली. अर्धा सेकंद! पोल आणि दहावा नंबर यांच्यात कित्येकदा इतकंही अंतर नसतं.

मग आम्ही पाचही जणांनी पाच मिनिटांची फेरी लावली. हेडफोनवर सगळे गप्प. साडेतीन मिनिटं कुणीही हललं नाही. शेवटी मीच निघालो आणि पाचवा आलो. माझ्या मागे लागलेल्याला पोल. म्हणजे त्या बारा ड्रायव्हरांनी आळस केला नव्हता, आधी निघणाऱ्याचं नुकसान नियमातच होतं.

नॅसकारने मे २०१९ मध्ये पुन्हा एकेकट्या गाडीची पद्धत आणली. हा निर्णय मला मनापासून पटतो, कारण वेळ ज्याची त्याचीच राहते. २०२० मध्ये कोरोनामुळे बहुतेक शर्यतींना क्वालिफाईंगच नव्हतं, ते वर्ष सोडून देतोय.

पुढच्या शनिवारी २०२२ ची पद्धत: दोन गट, प्रत्येक गटातले पहिले पाच अंतिम फेरीत. त्यासाठी किमान दहा जण लागतील, आम्ही पाचच आहोत. ज्यांच्याकडे व्हील-पेडल आहे त्यांनी रात्री दहाला या. फक्त टायर थंड असताना पहिल्या वळणावर घाई करू नका, तिथे माझ्या दोन लॅप वाया गेल्या.