पणजोबांचा आठवा हिस्सा

फोंड्याकडे माणसाचा स्वभाव एका वाक्यात निकालात निघतो. 'आजोबांवर गेलाय' किंवा 'मामाकडचं वळण'. माझा चुलतभाऊ तारवटी. बोटीवरून घरी आला की चार दिवसांत त्याची चुळबूळ सुरू. त्याचा सख्खा धाकटा भाऊ मात्र साधं मडगावला जायचं तरी आदल्या रात्री झोपत नाही. आई तीच, बापूस तोच, बांगड्याचं हुमणही एकाच कुंडल्यातलं. काकू म्हणते, थोरला पणजोबांवर गेलाय. ते घर सोडून मुंबईला पळाले होते.

1996 साली शास्त्रज्ञही जवळजवळ काकूसारखंच बोलू लागले होते. मेंदूतल्या डोपामीन या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या एका ग्राहकाचं (रिसेप्टरचं), डी-4चं, जनुक असतं. त्यातला डीएनएच्या 48 अक्षरांचा तुकडा कुणात 4 वेळा येतो, कुणात 7 वेळा. लांब जनुकवाल्यांना नावीन्याची ओढ जास्त, असं इस्राएल आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. त्याच वर्षी सेरोटोनिन या मेंदूतल्याच दुसऱ्या रसायनाशी जोडलेल्या एका जनुकाला काळजीखोरपणा चिकटला. घ्या, आमचे दोन्ही भाऊ सुटले! पुढे 1999 मध्ये, दूरवर स्थलांतर केलेल्या समाजांत हे लांब जनुक अधिक आढळतं, असंही मांडलं गेलं.

इथे मला हसू येतं. 1560 मध्ये कुशस्थळीचा देव मंगेश झुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. त्याला घेऊन माणसं निघाली ती काय डोपामीन उसळलं म्हणून? मागे पोर्तुगीज होते. आणि तारवट्याला पगार डॉलरात मिळतो, हेही कुठल्या जनुकात लिहिलेलं नसतं.

मोठ्या संख्येने माणसं तपासल्यावर हे दुवे विरत गेले. 2019 मध्ये नैराश्याशी जोडलेली 18 गाजलेली जनुकं लाखो लोकांत पडताळली, तर ती इतर जनुकांहून काही वेगळी निघाली नाहीत. तरी जुळ्यांचे अभ्यास सांगतात की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकातला साधारण 40 ते 50 टक्के वाटा अनुवंशाचा. फक्त तो असंख्य जनुकांत चिमूटचिमूट वाटलेला. काकूचं मोघम बोलणं त्या नेमक्या जनुकांपेक्षा जास्त टिकलं, असं माझं मत.

तरी मी तिला हिशेब सांगितलाच. पणजोबांचा सरासरी आठवा हिस्सा पणतवंडात उतरतो, म्हणजे धाकट्यातही तो असणारच.

"असेल," काकू म्हणाली, "पण त्याच्यात तो निजलाय."