पेटीचा ग्रामोफोन, नोंद तिसरी: मोटार झाली, पॉलिश अडकलं

मागच्या वेळी मोटार उघडून टेबलावर पसरली होती, तिथून पुढे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एचएमव्हीचं ('हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीचं) टेबल मॉडेल, कर्णा पेटीच्या पोटात. मिरजेतल्याच एका वाड्यातून साडेसात हजारांना उचललं. पितळी कर्ण्याचं चकचकीत मशीन चोरबाजारातून आणता आलं असतं, पण त्यातली बरीचशी अलीकडे जुळवलेली असतात. मोटार एकाची, टोनआर्म (सुई तोलणारी आडवी नळी) दुसऱ्याचा आणि कंपनीच्या खुणेचं कुत्र्याचं चित्र नवं कोरं. माझी पेटी काळीबेंद्री असली तरी अवयव जन्मापासूनचे आहेत.

चावी देताना आतून 'धप्प' असा आवाज यायचा आणि थाळी उचकी लागल्यासारखी थांबायची. अशा वेळी स्प्रिंग तुटली म्हणून नवी शोधायला धावू नका. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात. त्याला बॅरल, म्हणजे स्प्रिंगचा डबा, उघडून धुण्यावाचून इलाज नाही. उघडण्याआधी ब्रेक काढून थाळी आपली आपण थांबेपर्यंत फिरू द्यायची, चावी पूर्ण उतरल्याची खात्री करायची आणि तरीही स्प्रिंगवर विश्वास ठेवायचा नाही. मी बॅरल गोणपाटात गुंडाळला, वेल्डरचे चामडी हातमोजे घातले, आतलं टोक पक्कडीत धरलं आणि एकेक वेटोळं सोडत गेलो. दुसऱ्या स्प्रिंगने शेवटच्या वेटोळ्याला मनगटावर फटका दिलाच. धुवायला रॉकेल हवं होतं, पण ते आता मिळतंय कुठे? डिझेलवर भागवलं. नंतर ग्राफाइटचं ग्रीस, तेही बेताने.

गव्हर्नरवर दोन रविवार गेले. पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन वजनं फिरता फिरता बाहेर फेकली जातात, त्यासरशी चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासते. वेग आवरला जातो तो या घासण्याने. आमचा तुकडा लाकडासारखा कडक झाला होता, म्हणून आवाजात घरघर. शेजारच्या चांभारकाकांकडून कोल्हापुरी चपलेचं कातडं आणलं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. बोटाच्या नखाएवढा तुकडा कापून तेलात मुरवला आणि बसवला. घरघर गेली.

वेग तपासायला 77 रेघांची स्ट्रोबची चकती कागदावर छापून घेतली. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे थाळी मिनिटाला 78 च्या आसपास फिरली की रेघा जागीच उभ्या दिसतात. तासभर दिसेनात, मी गव्हर्नरला शिव्या घालत बसलो. दोष खोलीतल्या एलईडी दिव्याचा होता, तो लुकलुकतच नव्हता! शेवटी सगळं मशीन उचलून मागच्या पडवीत नेलं. तिथे चोकवाली जुनी ट्यूबलाइट अजून तग धरून आहे.

साउंडबॉक्सचा, म्हणजे सुईच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या डबीचा, अभ्रकाचा पडदा सुदैवाने अखंड निघाला. दोन्ही बाजूंचे रबर दगड झाले होते, ते बदलले. सुईच्या दांड्याचं टोक अभ्रकाला मिळतं तिथे मधमाश्यांच्या मेणाचा थेंब. बस्स.

आता लाकूड. पेटीला कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट फासला होता. तो पत्र्याने हलक्या हाताने खरवडला, तर खाली मूळचं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, तडे गेलेलं पण जिवंत. सगळं घासून नवं करण्याचा मोह तिथेच सोडला. खालच्या कडेचं विनियर ओलीने सुटलं होतं. जुनं काम सरसाचं असल्यामुळे ओलं फडकं आणि कोमट इस्त्री फिरवल्यावर तोच सरस पुन्हा मऊ झाला. वरून फळी आणि पाटा-वरवंटा ठेवून दिला, आणि दोन दिवस चटणी मिक्सरमध्ये.

आणि मग माती खाल्ली. झाकणाच्या आतल्या कुत्र्याच्या चित्रावरची मेणचट घाण पुसायला बोळ्याला दोन थेंब स्पिरिट घेतलं. चित्रावर संरक्षण म्हणून लाखेचाच हात असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला पाठ आहे. तरी. 'व्हॉइस'चं शेवटचं ई अक्षर बोळ्यावर उतरलं. याच कारणाने तबकडीलाही स्पिरिट लावायचं नसतं, कारण तीही लाखेचीच. कलकत्त्यात 1908 साली कारखाना निघण्याआधी आपल्या गायकांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. लाख इथून जायची आणि गाणं घेऊन परत यायची.

पॉलिश शिकायला सतारमेकर गल्लीत गेलो. तिथे तंबोऱ्यांना हेच चपड्याचं पॉलिश करतात. एका चाचांनी मलमलीत कापूस बांधून पोटली कशी करायची, तेलाचा एकच थेंब कुठे लावायचा आणि हात जागेवर का थांबू द्यायचा नाही हे दाखवलं. "थांबला की चिकटला बघा," एवढाच त्यांचा धडा. जुलैत उत्साहाने डाव्या फळीवर तीन हात मारले आणि सकाळी फळी दुधाळ. हवेत ओल असली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दव धरतो आणि ते लाखेत अडकतं. चाचा हसले. "गौरी-गणपती होऊ द्या की. मशीन काय पळून चाललंय?" कोरड्या दिवशी स्पिरिटची नुसती ओलसर पोटली फिरवून ती पांढुरकी झाक बरीच घालवली. झाकण मात्र दसऱ्यानंतर.

ऐकण्याची चाचणी घेतली ती एका झिजलेल्या भजनाच्या तबकडीवर. दुरुस्त केलेल्या मशीनवर पहिल्यांदा चांगली तबकडी लावू नये. तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी असते, ती पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक खाचेच्या मापाचं घासून घेते. म्हणून बाजू बदलली की पोलादी सुई नवी घ्यायची, कंजूषपणा करायचा नाही. एका चावीत दहा इंची बाजू पुरी वाजते. दुसरी लावली तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात गायक झोपाळतो. स्प्रिंग थकली आहे, पण मूळची आहे, म्हणून तूर्त राहू देतोय.

अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची झिंझोटी रागाची तबकडी अजून कपाटातच आहे. ते गेले 1937 साली, पण त्यांच्या गावात राहून ती घाईघाईने लावायला हात होत नाही. तोवर एक काम: वापरलेल्या सुया टाकायच्या वाटीचं झाकण हरवलंय. कुणाकडे जादा असेल तर सांगा, बदल्यात मध्यम आवाजाच्या सुयांच्या दोन डब्या देईन.