पोवळ्याचा सांगाडा आणि पोवळ्याचे मांस

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरी आजीच्या फडताळात प्रवाळ पिष्टीची एक बुटकी बाटली असे, आणि वैशाखात कोणाला उष्णतेचा त्रास झाला की गुलाबपाण्यात खललेली ती फिकट गुलाबी पूड मधातून चाटवली जाई. शाळेत असताना मी तिच्यावर चोरून लिंबू पिळले, तेव्हा ती फसफसली. कारण पोवळ्याचा सांगाडा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा असतो. (बोलणी खाल्ली ती निराळी.)

लक्ष्मी रस्त्यावर अंगठीत बसवून मिळणारे लाल पोवळे हे आठ स्पर्शिका असलेल्या प्रवाळांपैकी, म्हणजे मृदू प्रवाळांचेच भाऊबंद. मृदू प्रवाळांना दगडी कवचाचा आसरा नसतो आणि जागचे हलताही येत नाही, त्यामुळे खायला येणाऱ्या माशांना दूर ठेवण्यासाठी त्यांच्या मांसात टर्पिन वर्गातली संयुगे साठलेली असतात. चंदनाचा आणि वाळ्याचा सुगंध याच वर्गातला.

अशांपैकी इल्युथेरोबिन हे संयुग १९९७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या एका दुर्मीळ प्रवाळातून मिळाल्याचे जाहीर झाले. पेशी विभागताना ज्या सूक्ष्मनलिका जुळतात आणि सुटतात, त्यांना ते सुटूच देत नाही, म्हणून कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते. पॅक्लिटॅक्सेल हे प्रचलित औषधही असेच काम करते. अडले ते पुरवठ्यापाशी. प्रवाळातून हाती येणारे प्रमाण नगण्य, कारखान्यात रेणू जोडत जाणे फार लांबलचक, आणि औषधासाठी समुद्रतळ खरवडून काढणे तर माझ्या मते अक्षम्यच.

ही संयुगे प्रवाळ स्वतः बनवतो की त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव, हा वाद बरीच वर्षे चालला. २०२२ साली युटा विद्यापीठ आणि स्क्रिप्स संस्था येथील दोन गटांनी त्यासाठी लागणारी जनुके प्रवाळाच्याच डीएनएमध्ये, तीही एकमेकींच्या शेजारी, असल्याचे दाखवले. ती जनुके प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत घातल्यावर टर्पिनचा मूळ साचा तयार झाला. त्या साच्यावर पुढचे संस्कार करून पूर्ण इल्युथेरोबिन घडवणे हे त्यानंतरचे, अधिक किचकट काम आहे.